वजन बरोबर बसलं होतं

आमच्या मलकापुरातल्या एका बाईंच्या मुलीला गेल्या महिन्यात छातीचा आजार निघाला. त्या बाई मला बाजारात भेटल्या, दुकानाच्या आडोशाला घेऊन गेल्या आणि इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "दत्ताभाऊ, कसे काढले हो तुमी ते दिवस?" मी म्हणालो, "निघाले कसेतरी." आणि घाईत असल्यासारखा पुढं सटकलो. मला कसलीही घाई नव्हती. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. मी आजारी होतो तेव्हा याच प्रश्नाचं उत्तर कुणीतरी द्यावं म्हणून तडफडत होतो, आणि आता माझी पाळी आली तर मी पळून आलो.

म्हणून हे लिहितोय. यात औषधांची माहिती नाही. ती डॉक्टर सांगतील आणि माझ्यापेक्षा बरी सांगतील. मी फार धीरानं वागलो असंही कुणी समजू नये. मी रडलो, चिडलो, आईवर ओरडलो, एकदा दुधाचा पेला भिंतीवर फेकला. त्या सगळ्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती: मैदानावर सात जणांत परत उभं राहायचं होतं. बरं व्हायचं म्हणजे काय, याचा दुसरा अर्थ मला ठाऊकच नव्हता.

*

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि मी वीस वर्षांचा होतो. आमचा कबड्डीचा संघ म्हणजे जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला असणारी पोरं. कापसाचा हंगाम संपला की जिनाचं आवार मोकळं व्हायचं. मग आम्ही काळी माती चाळून घ्यायचो, पाणी मारायचो, चुन्यानं रेषा ओढायचो. नामदेवदादा आमचा कप्तान. तो प्रेसवर गाठींना लोखंडी पट्ट्या आवळायचं काम करायचा. त्याच्या हातात कुणाचा घोटा सापडला की पंचांनी शिट्टी फुंकेपर्यंत सुटत नसे.

मी चढाईचा गडी. अंगानं बारीक, हातपाय लांब, आणि दम असा की समोरचे सात जण कंटाळून चूक करायचे. समोरच्यांच्या अंगणात चढाईवाल्याला जी ओलांडावीच लागते त्या निदान रेषेशी मी मुद्दाम जाऊन तिथंच घोटाळत राहायचो, कबड्डी कबड्डी म्हणत, अगदी सावकाश, जसं काही बाजारात भाजी निवडतोय. कुणीतरी चिडून पुढं यायचाच. मग मी त्याला शिवून परत.

या एका दमाच्या जोरावर मी जिल्ह्याकडून खेळलो, राज्याकडून खेळलो आणि एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघातून ब्रह्मदेशाला जाऊन आलो. कलकत्त्याहून बोटीनं गेलो. बोटीत मी जेवलो कमी आणि ओकलो जास्त. रंगूनमधल्या मैदानावर गवत होतं आणि त्यावर पाय घसरत होते. बघायला आलेल्या गोदीतल्या मजुरांत आपल्याकडचे बरेच होते. भाषा वेगळी, पण माझा दम लांबला की ते सगळे एकदम गप्प व्हायचे आणि मी परत येऊन मधल्या रेषेला हात लावला की गर्जना करायचे. ती शांतता आणि मग ती गर्जना मला अजून आठवते. त्याची सवय लागते माणसाला.

परत आलो तेव्हा मलकापूर स्टेशनवर जिनातली अर्धी पाळी हजर होती. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बाबा मागं उभे होते, त्यांनी फक्त विचारलं, "बोटीत जेवला का काही? गालफडं बसले तुहे."

*

आता ज्या गोष्टीमुळं हे सगळं सांगायला बसलो ती.

पुढच्या वर्षी पुन्हा दौरा ठरला. या वेळी हलक्या गटाचा संघ जाणार होता, वजन एकशे दहा पौंडांच्या आत. हलक्या गटात खेळणाऱ्याला वजनाचा धाक काय असतो ते ज्याचं त्याला माहीत. मी एकशे सोळाच्या आसपास असायचो. दर स्पर्धेआधी आठ दिवस मी ताकावर काढायचो, अंगात दोन सदरे घालून उन्हात पळायचो, तोंडात आवळकाठी धरून थुंकत बसायचो. सहा पौंड उतरवता उतरवता जीव नकोसा व्हायचा.

आणि माझे बाबा जिनात काट्यावर होते. कापसाच्या गाठी तोलायचा तो मोठा काटा. वीस वर्षं त्यांनी रुई तोलली. दोन पौंडांचा फरक ते गाठ नुसती बघून सांगायचे. दर रविवारी सकाळी, आवारात कुणी नसताना, ते मला त्या काट्यावर उभं करायचे आणि वजन खिशातल्या वहीत लिहायचे. हा आमचा दोघांचा कार्यक्रम होता. बाबा खेळाबद्दल एक अक्षर बोलत नसत, पण रविवार चुकवत नसत.

त्या वर्षी मला ताकावर राहावंच लागलं नाही. वजन आपोआप उतरायला लागलं. एकशे चौदा, एकशे बारा. दिवाळीनंतर एकशे नऊ. बाबा खूश.

"दत्त्या, पाह्य बे, काटा कसा सरळ उभा हाय! आता कायले उपाशी राह्यतं? खाय पोटभर."

मी पोटभर खायचं म्हटलं तरी जात नव्हतं. ताटावर बसलो की दोन घासांत इच्छा मरायची. आम्ही म्हणायचो, शरीराला आता सवय लागली. खोकला होता, पण जिनातल्या कुठल्या माणसाला खोकला नसतो? तिथं हवेत रुई तरंगत असते, सगळे खोकतात. संध्याकाळी अंग कसकसायचं, तर तो सरावाचा थकवा. आणि माझा दम तुटायला लागला होता. आधी जिथं मी घोटाळत राहायचो तिथून आता लवकर माघारी यावं लागत होतं. तर नामदेवदादानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

"पहिले हा तिथंच भाजी निवडत बसे. आता पाह्य, कसा टपकन शिवून येऊन राह्यला! शहाना झाला लेकाचा."

मी पण तेच मानलं. कुणाला दोष देऊ? वजन उतरतंय याचा आनंद मानणारे लोक जगात फक्त आम्हीच असू. शिबिराला निघायच्या आदल्या रविवारी मी एकशे सात भरलो आणि बाबांनी कधी नव्हे ते मला पेढा आणला. तो पेढा मी गिळला कसा ते मलाच माहीत.

*

निवडीचं शिबिर नागपूरला होतं. तिथं पहिल्याच दिवशी डॉक्टरांची तपासणी. आम्ही पोरं उघडी रांगेत उभी, एकमेकांच्या बरगड्या मोजत, चिडवत. माझी पाळी आली. डॉक्टर वयस्कर होते, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी पाठीला नळी लावली, मला श्वास घ्यायला सांगितलं, मग परत घ्यायला सांगितलं. मग नळी काढून ठेवली आणि बोटांनी पाठ ठोकून बघितली, आपण मटका घेताना ठोकून बघतो तशी. बाकीच्यांना दोन मिनिटं लागली होती. माझ्यापाशी ते पंधरा मिनिटं होते. मागची पोरं कुजबुजायला लागली.

छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं, खिडकीच्या उजेडात तो काळा फोटो धरला आणि उजव्या बाजूला वरती एक पांढुरका डाग दाखवला.

"घरी खोकला कुणाला आहे?"

"सगळ्यांना आहे. आम्ही जिनातले."

"रात्री घाम येतो?"

"येतो."

"वजन किती उतरलं?"

इथं माझा चेहरा उजळला असणार. मी ताठ उभा राहून सांगितलं, "नऊ पौंड, डॉक्टरसाहेब. एकशे सात. बरोबर बसलंय."

ते फोटो खाली ठेवून माझ्याकडं वळले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "बेटा, ते तू नाही उतरवलंस." आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं.

मी पहिलं काय विचारलं असेल? मरेन का, असं नाही विचारलं. "बोट कधी निघते, तोपर्यंत बरा होईन ना?" असं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. माझ्या पिशवीत देशाचा निळा सदरा होता, घरून धुऊन, इस्त्री करून आणलेला. तो तसाच घेऊन मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो.

*

बुलढाण्याच्या क्षयाच्या दवाखान्यात माझी सोय झाली. मलकापूरहून मोताळ्याला आणि पुढं राजूरचा घाट चढून एस.टी. जाते. त्या घाटात वळणावळणाला हवा गार होत जाते. पूर्वी याच घाटानं आम्ही स्पर्धेला गाणी म्हणत जायचो. या वेळी आई माझ्या शेजारी बसली होती आणि पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघत होती. बाबा आले नाहीत.

घरी काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मी नागपूरहून येऊन सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत राहिली होती. मी आत जाऊन पडल्यावर ती बाबांना म्हणाली, "इतके वर्सं रुई तोलली तुमी, अन् पोटच्या पोराले तोलता नाही आलं?" त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाबांनी मालकांना सांगून काटा सोडला आणि गोदामात काम मागून घेतलं. नामदेवदादा सांगत होता की ते रविवारी त्या बाजूनं जातसुद्धा नसत.

गावात काय सांगायचं हाही प्रश्नच होता. लोकांनी आपलं आपणच ठरवलं की दत्ता दौऱ्यावर गेला. बाबांना रस्त्यात कुणी म्हणायचं, "गेलं का पोरगं बोटीवर?" आणि बाबा "हाव" म्हणायचे. ही थाप महिनाभर चालली. मग पेपरात संघाची नावं आली आणि माझं नाव त्यात नव्हतं.

*

दवाखान्यातला दिवस सगळ्यांचा सारखा. सकाळी ताप मोजायला पारा तोंडात. मग कमरेत सुई, एक दिवस डाव्या बाजूला, एक दिवस उजव्या. मग पुड्या, इतक्या कडू की पाण्यानं चव जात नसे. दूध, अंडं, परत पारा. आणि मधल्या सगळ्या वेळात पडून राहायचं. पहिले तीन महिने मला संडासापर्यंतसुद्धा चालायची परवानगी नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "तुझं औषध निम्मं या सुईत आहे आणि निम्मं या खाटेत." सुई सोसवली, पण खाट काही सोसवत नव्हती.

त्या सुयांनी कानात गुणगुण सुरू झाली. उठून बसलो की भिंत झुकायची. ज्या माणसानं रंगूनच्या ओल्या गवतावर तोल सांभाळला होता त्याला चालायची परवानगी मिळाल्यावर मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागायची. याची मला इतकी लाज वाटली की मी ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. हे मात्र कुणी करू नये. नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी सुया दिवसाआड केल्या आणि भिंती जागेवर आल्या. मी उगाच तीन आठवडे डोलत काढले.

मला सगळ्यात जास्त आठवण कशाची यायची, सांगू? जिंकण्याची नाही, त्या गर्जनेचीही नाही. मला माणसांच्या अंगाची आठवण यायची. कबड्डीत दिवसभर कुणीतरी तुमच्या अंगावर असतं. कुणी मांडी धरतो, कुणी कमरेला मिठी मारतो, सात जणांचा ढीग होतो आणि त्याखाली तोंडात माती जाते. आणि इथं सगळे माझ्यापासून हातभर लांब. नर्सबाई औषध द्यायच्या ते टेबलावर ठेवून. आई भेटायला यायची तेव्हा तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचे आणि मला खिडकीशी. ती दर खेपेला शेगावहून महाराजांचा अंगारा आणायची आणि तो कागदात बांधून खिडकीच्या चौकटीवर ठेवायची. मीच तो उचलून कपाळाला लावायचो. सहा महिने मला कुणी हात लावला नाही, सुई टोचायला लावला तेवढाच.

*

शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते. लोणारकडच्या सुलतानपूरचे, प्राथमिक शाळेतले. माझ्या बाबांच्या वयाचे. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण वेळ त्यांचाही जात नव्हता.

"तू मोठा गडी हायेस म्हणं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "सांग बरं एखादी चढाई. सगळी सांग, गाळू नको."

मी सांगायला लागलो. रोज दुपारी, पारा बघून झाला की एक चढाई. जिल्ह्याची, राज्याची, ब्रह्मदेशातली. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच मुलांच्या वह्या तपासल्यासारखी चूक काढायचे. "थांब. काल त्या संघात पाच गडी उरले होते, आज सहावा कुठून आला रे?" मी भांडायचो, ते ऐकायचे नाहीत. शेवटी मी कबूल करायचो की बाबा रे, तो सहावा मी घातला. मग ते खूश होऊन हसायचे आणि हसण्यानं खोकला यायचा आणि नर्सबाई आम्हा दोघांना रागवायच्या.

ज्या दिवशी संघाची बोट सुटणार होती तो दिवस मला माहीत होता. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर हावड्याला उतरलो, गोदीत गेलो, पिशवी खांद्याला लावून शिडी चढलो. माझ्या जागी कोण गेलाय ते मला ठाऊक होतं, चांगला पोरगा होता, आणि त्या दिवशी मी त्याचा पाय मोडावा असं मनापासून चिंतलं. दुपारी मास्तरांनी विचारलं, "आज चढाई नाही का?" आणि मी भिंतीकडं तोंड करून रडलो. त्यांनी समजूत घातली नाही. ते म्हणाले, "मी वीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला. आत्ता तिथं दुसरा कुणी तरी पाढे घेत असंल. मला बी लई जळफळाट होतो बघ." मला बरं वाटलं. माझ्यासारखा दुष्ट विचार करणारा दुसरा माणूस शेजारीच होता.

पावसाळ्यात एका सकाळी मला फोटोसाठी नेलं. परत आलो तेव्हा मास्तरांची गादी व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात टाकलेली होती. मास्तर गेले, हे मला त्या गादीनंच सांगितलं. त्यानंतर मी ब्रह्मदेशातली चढाई कुणाला सांगितलेली नाही, आज इथं लिहिली तेवढीच.

*

बाबा पहिल्यांदा आले ते मला चार महिने झाल्यावर. दारात उभे राहिले, टोपी हातात. मी म्हणालो, "बाबा, या न, बसा." ते बसले नाहीत.

"काट्यानं दर आठोड्याले सांगतलं मले," ते म्हणाले. "मीच आयकलं नाही."

मी म्हणालो, "मी पण तं खूशच होतो."

"तू लेकरू होता."

एवढंच बोलणं झालं. खाली एस.टी. लागली होती, ते गेले. मला हाक मारायची होती, पण ओरडायची मनाई होती. नंतर मात्र ते दर महिन्याला यायला लागले. आई आणि बाबा एकाच गाडीनं यायचे, वेगवेगळ्या बाकांवर बसून. त्यांचं बोलणं सुरू झालं तेही माझ्या समोरच, आणि भांडणानंच. बाबांनी आणलेलं दूध फाटलं होतं. आई फणकारली, "झाकण काऊन नाही लावलं?" बाबा म्हणाले, "लावलंच होतं!" आणि दोघं चमकून गप्प झाले. मी खिडकीत बसून हसत होतो. त्या दिवशी घाट उतरताना ती दोघं एका बाकावर बसली असं नंतर आईनं सांगितलं.

*

अकरा महिन्यांनी घरी सोडलं. पुड्या पुढंही चालू होत्या. डाग वाळला होता, थुंकी स्वच्छ होती, डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, "आता याच्यापासून कुणाला काही नाही." आईनं मान डोलावली. घरी आल्यावर माझा पेला मात्र वेगळ्या कोनाड्यात ठेवला. ती लपवून ठेवायची आणि मी न बघितल्यासारखं करायचो. त्यावर मी चिडलो नाही. तिनं ते अंगारे खिडकीवर ठेवत इतक्या फेऱ्या मारल्या होत्या.

पण बाबांचं वागणं मला खुपायचं. मी घागर उचलली की ते हातातून काढून घेत. जिना चढलो की खालून बघत राहत. मी खोकलो, अगदी ठसका लागला तरी, त्यांचा घास हातात थांबायचा.

पुढं वर्षभरानं डॉक्टरांनी नवा फोटो बघितला आणि म्हणाले, "खेळ. पण हलकं. दमलास की बस, आणि देशाच्या संघाचं मनातून काढून टाक. तेवढा दम त्या फुप्फुसात आता नाही." त्यातलं मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्या दिवशी जिनाच्या आवारात हजर.

नामदेवदादानं मला मिठी मारली, म्हणजे मारल्यासारखं केलं. मला चढाई दिली. मी दम धरला, रेषा ओलांडली. समोर सात जण होते, नामदेवदादा धरून सगळे माझे ओळखीचे. मी डावीकडं गेलो, ते सरकले. उजवीकडं गेलो, ते सरकले. मी मुद्दाम पाय पुढं टाकून उभा राहिलो, घोटा नामदेवदादाच्या हाताशी. त्यानं बघितलं आणि हात मागं घेतला. मी एकेकाला शिवत गेलो. पाच जणांना शिवून परत आलो. एका चढाईत पाच गडी मी जन्मात मारले नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याच्यापाशी गेलो. "मले पकडलं काऊन नाही, दादा?"

तो खाली बघत म्हणाला, "तुह्या छातीवर गुडघा बसला असता तं?"

मी घरी आलो आणि दार लावून घेतलं. दवाखान्यात मी इतका एकटा पडलो नव्हतो. तिथं निदान परत जायची आशा होती.

*

त्या उन्हाळ्यात शेगावला गावोगावच्या संघांच्या स्पर्धा होत्या. नामदेवदादानं मला राखीवमध्ये घेतलं, मन मोडू नये म्हणून. आमचा सामना भुसावळकडच्या एका संघाशी पडला. रेल्वेच्या वर्कशॉपातली पोरं, मनगटं जाड. त्यांच्यातला कुणी मला ओळखत नव्हता. मी कधी बाहेर देशात खेळलोय हे त्यांना माहीत नव्हतं आणि आजाराचंही माहीत नव्हतं.

उत्तरार्धात आमचा एक गडी लंगडला. राखीवमध्ये मी एकटाच उरलो होतो. नामदेवदादानं माझ्याकडं बघितलं, मग प्रेक्षकांत बघितलं. बाबा तिथं उभे होते. ते येणार आहेत हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी कुणाच्या होकाराची वाट न बघता पायातल्या चपला काढल्या आणि आत गेलो.

माझी चढाई आली. दम धरला. पूर्वीसारखं घोटाळायला जमणार नव्हतं, ते पहिल्या चार पावलांतच कळलं. एका पोराला शिवल्यासारखं झालं, मी वळलो, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या गड्यानं माझा घोटा धरला. काय धरला! मी तोंडावर पडलो. दुसरा कमरेवर पडला, तिसरा पाठीवर, आणि मग सगळेच. तोंडात माती गेली. मी हात लांबवला, रेषा वीतभर राहिली होती, आणि वरून कुणीतरी माझं मनगट जमिनीला दाबून धरलं. माझा दम सुटला. शिट्टी झाली.

वरच्या ढिगातून मला नामदेवदादाचा आवाज ऐकू आला. तो ओरडत आत धावत होता, "उठा रे, उठा, छातीवरून उठा त्याच्या!" आणि त्याच्या मागून बाबांचा आवाज आला, मोठ्यानं, जिनात मशीन चालू असताना ओरडायचे तसा.

"नामदेव! थांब. उठन तो. त्याचं त्याले उठू दे."

पोरं एकेक करून उतरली. ज्यानं घोटा धरला होता त्यानं मला हात देऊन उभं केलं आणि पाठीत दणका घालून म्हणाला, "चांगला वळला होता बे, थोडक्यात राह्यला." मी धापा टाकत होतो, छाती भात्यासारखी चालत होती, पण चालत होती. पंचांनी हात वर केला. मी बाद होतो.

मी बाहेर जाऊन बाद झालेल्या गड्यांच्या रांगेत बसलो. माझ्या आधी दोघं होते. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणीही थांबत नव्हतं, आणि त्या दोघांना वाटलं की मी हरलो म्हणून रडतोय. बाबा गर्दीतून पुढं आले, माझ्या मागं उभे राहिले आणि वाकून माझ्या पाठीवरची माती दोन्ही हातांनी झटकायला लागले. बराच वेळ झटकत होते. आत नामदेवदादा चढाईला निघाला होता. तो एक गडी मारून आला, त्याच्या बदल्यात रांगेतला पहिला परत आत गेला. पुढच्या खेपेला दुसरा गेला. मग त्यांचा एक गडी आमच्या साखळीत सापडला आणि पंचांनी माझ्याकडं बघून बोट केलं.

"जाय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मला मागून ढकललं.